जगवणारा, पण न वाढवणारा गॅस

झाशीच्या पोतनीसांच्या घरात एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. त्यांचे मूळपुरुष दक्षिणेतून सुभेदारांबरोबर इकडे आले, तेव्हा एका शालींच्या व्यापाऱ्याने त्यांच्याकडे एक गाठोडं ठेवायला दिलं. दिवस धामधुमीचे होते. व्यापाऱ्याला परत यायला एक तप लागलं. मूळपुरुषांनी गाठोडं आणून त्याच्यापुढे ठेवलं, तर व्यापाऱ्याने स्वतःच्या हाताने मारलेली गाठ जशीच्या तशी होती. तिला कोणी बोटही लावलं नव्हतं. पोतनीस मंडळी गोष्ट इथे थांबवतात. गाठ सोडल्यावर आत काय निघालं ते फक्त घरात आलेल्या सुना एकमेकींना सांगतात. आत शाली नव्हत्या. कसर लागून झालेली भुकटी होती.

केशवराव पोतनीस गोष्ट गाठीपर्यंतच सांगत. त्यांची सगळी नोकरी एका बँकेच्या लॉकर विभागात गेली. लॉकरला दोन किल्ल्या लागतात, एक गिऱ्हाइकाची आणि एक बँकेची. केशवराव बँकेची किल्ली फिरवत आणि पाठ करून बाहेर येत. लोकांनी आत काय ठेवलं आहे हे उभ्या नोकरीत त्यांनी पाहिलं नाही, पाहावंसं त्यांना वाटलंही नाही, आणि याचा त्यांना अभिमान होता. त्यांच्या पत्नी प्रेमलाबाई माहेरच्या ग्वाल्हेरच्या. त्या म्हणत, "तुमच्या घराण्याला वस्तू सांभाळता येते. वस्तूचं काय करायचं असतं, ते तेवढं माहीत नाही." हे त्या रागाने म्हणत नसत. आज ऊन कडक आहे, म्हणावं तसं म्हणत.

तर अशा माणसाकडे बबीन्याच्या छावणीतली कमलिनी मोहिते आपली माशांची टाकी ठेवायला घेऊन आली.

कमलिनी सुभेदार संभाजी मोहित्यांची बायको, साताऱ्याकडची. प्रेमलाबाईंच्या हळदीकुंकवाला ती पहिल्यांदा ओरछा गेटच्या आतल्या या घरात आली आणि प्रेमलाबाई "फडताळातलं ओगराळं दे गं" म्हणाल्या तेव्हा हसत सुटली. हे शब्द तिने पणजीच्या तोंडून ऐकले होते, आणि पणजी तर कधीच गेली होती. त्यानंतर ती बबीन्याहून बसने वरचेवर यायला लागली. केशवराव तिला 'कमलिनीजी' म्हणत. ती म्हणायची, काका, मला जी लावू नका, मी काय बँकेची मॅनेजर आहे का. केशवराव बरं म्हणत, आणि पुढच्या वाक्यात पुन्हा जी लावत. झाशीत जन्मलेल्या माणसाची जीभ तिथे आपोआप वळते.

मग सुभेदारांच्या बदलीचा हुकूम आला. पूर्वेच्या सरहद्दीवर, जिथे कुटुंब नेता येत नाही. कमलिनीला गावी सासरी राहायचं होतं. बदली निघाली की छावणीत घरोघर एक वेगळीच वाटणी होते. ट्रंका, शिलाई मशीन, मिक्सर गाडीत चढतात. जे जिवंत आहे आणि ट्रंकेत मावत नाही, ते मागे राहतं. तुळस शेजारणीकडे जाते, कुत्रं दूधवाल्याकडे, मोगऱ्याच्या कुंड्या शाळेच्या बाईंकडे. टाकी पोतनीसांकडे आली.

केशवरावांना हे फार मोठं वाटलं. अठराव्या शतकात सुभेदारांची तिजोरी पोतनीसांकडे असे, त्यानंतर पहिल्यांदाच एका सुभेदाराने त्यांच्याकडे ठेव ठेवली होती. तेव्हाचा सुभेदार झाशीचा कारभार बघत असे आणि आजचा सुभेदार पलटणीत असतो, हा फरक त्यांना ठाऊक होता, पण इतक्या तपशिलात शिरण्याची त्यांना गरज वाटली नाही.

सुभेदार स्वतः टेम्पोतून टाकी घेऊन आले. फौजेत काहीही सोपवायचं तर दाखवून सोपवतात, त्या शिस्तीने त्यांनी एकेक दाखवलं. ही काच, हा दिवा, हे दगड. हे खाली पेरलेलं बारीक गवत. मागच्या बाजूला ही लाल पानांची झाडं, यांना रोटाला म्हणतात. हे गप्पी मासे, त्यात हा निळ्या शेपटीचा मोठा नर. केशवरावांनी मोबाइलवर सगळ्याचा फोटो काढला. कमलिनी तोवर काचेला नाक लावून आत बघत होती.

"काका, या झाडांना गॅस लागतो," ती म्हणाली. "तो नसला तर लाल पानं आधी फिकी पडतात, मग पाण्यात विरघळून जातात."

गॅस म्हणजे कार्बन डायऑक्साइड. तो आजवर शेजारच्या क्वार्टरमधून येत असे. तिथल्या उषाकडेही अशीच टाकी होती, आणि दोघींत मिळून एक सिलिंडर. खिडकीतून एक बारीक नळी इकडे, एक तिकडे. पण उषाच्या नवऱ्याची बदली आधी झाली आणि सिलिंडर तिच्याबरोबर गेला. तेव्हा गॅसची सोय काकांनी बघायची होती.

"जशी दिलीत, तशी परत मिळेल," केशवराव म्हणाले.

कमलिनी काहीतरी बोलणार होती, पण बाहेर टेम्पोवाल्याने हॉर्न दिला, आणि ती डोळे पुसत निघून गेली.

केशवरावांनी दुसऱ्याच दिवशी तो फोटो मोठा करून, प्लास्टिकचं आवरण घालून आणला आणि टाकीशेजारी भिंतीवर लावला. हा झाला पुरावा. आता समोरची टाकी या फोटोसारखी ठेवायची, एवढंच काम होतं.

गॅसचा पहिला उपाय त्यांना मोबाइलवर सापडला. कोल्ड्रिंकच्या मोठ्या बाटलीत साखर, कोमट पाणी आणि पावाचं यीस्ट घालायचं, बुचाला भोक पाडून नळी टाकीत सोडायची. यीस्ट साखर खातं आणि गॅस सोडतं. सगळं सामान घरातलं, सुभेदारांच्या ठेवीवर काही बाहेरचं येत नव्हतं, म्हणून केशवरावांना हा उपाय खानदानी वाटला. अडचण एकच होती. तो मे महिना होता. झाशीच्या मे महिन्यात माणसंसुद्धा धड वागत नाहीत, यीस्टकडून काय अपेक्षा करणार. बाटलीने दोन-तीन दिवस टाकीत असा काही फेस काढला की मासे एका कोपऱ्यात जाऊन बसले, आणि त्यानंतर ती एकदम गप्प झाली. केशवरावांनी दुसरी भरली. ती पहिलीपेक्षा रागीट निघाली. घरभर आंबूस वास पसरला. समोरच्या घरातले तिवारीजी, अत्यंत सभ्य गृहस्थ, संध्याकाळी खुर्ची ओढून बसले, हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि उठताना हळूच विचारून गेले की महुआ की है क्या, और तैयार कब तक होगी.

"देवघराच्या भिंतीला लागून हातभट्टी," प्रेमलाबाई म्हणाल्या. "तुमच्या मूळपुरुषांनी एवढं तरी केलं नव्हतं."

केशवरावांची तक्रार वासाची नव्हती. बाटली आज भरभरून देते आणि उद्या देत नाही, त्यामुळे झाडं एका आठवड्यात वाढतात आणि दुसऱ्या आठवड्यात खंगतात, ही होती. फोटोतलं गवत दगडाच्या पायथ्यापर्यंत होतं. टाकीतलं गवत दगडावर चढायला लागलं होतं.

ते सीपरी बाजारात माशांच्या दुकानात गेले. दुकानदार तरुण होता आणि त्याचा उत्साह दांडगा होता. त्याने पाण्यात टाकायच्या गोळ्या दाखवल्या. रोज काही थेंब घालायचं एक औषध दाखवलं, ज्याला इस्पितळाच्या फरशीचा वास होता. मग सायट्रिक ॲसिड आणि खायचा सोडा यांवर चालणारा स्टीलचा चकचकीत डबा दाखवला आणि सांगितलं की या डब्याने पानं इतकी वाढतील की अंकल, आप काटते काटते थक जाओगे.

केशवरावांनी त्याला थांबवलं. त्यांना असा गॅस हवा होता की ज्याने झाडं मरणार नाहीत, पण वाढणारही नाहीत. आहेत तशी राहतील.

दुकानदाराने थोडा वेळ विचार केला. गिऱ्हाईक वयस्कर होतं, त्याला उलट उत्तर देणं त्याला बरं वाटेना.

"अंकल," तो म्हणाला, "ऐसा तो प्लास्टिक का आता है."

केशवराव घरी आले आणि त्यांनी हे प्रेमलाबाईंना सांगण्याचं टाळलं. पण दुकानदाराला प्रेमलाबाईंची भाजीवाली ओळखत होती, त्यामुळे त्यांना ते संध्याकाळपर्यंत कळलंच.

शेवटी सिलिंडरच घ्यायचा असं ठरलं. सीपरी बाजारात रामकृष्ण साहू यांची सोड्याची जुनी गाडी आहे. सोड्यात जो गॅस भरतात तोच हा. रामकृष्णजींनी एक छोटा सिलिंडर काढून दिला, वर दाब दाखवणारं एक घड्याळ आणि एक बारीक चावी बसवून दिली. कशासाठी हवा आहे ते केशवरावांनी नीट समजावून सांगितलं. माशांची टाकी, आतली झाडं, त्यांचं अन्न. रामकृष्णजींनी सगळं मान हलवत ऐकलं आणि शेवटी फक्त एवढंच विचारलं, "तीखा रखना है कि हल्का?"

केशवरावांना हा माणूस आवडला. चावी किती फिरवायची हा निर्णय त्याने ग्राहकावर सोडला होता, बँकेतही असंच असतं.

सिलिंडरचा गॅस एका काचेच्या नळकांडीतून जातो आणि आत बुडबुडे दिसतात. ते पाहून चावी कमीजास्त करायची. केशवराव रोज सकाळी पूजा आटोपली की खुर्ची घेऊन बसत. एक नजर फोटोवर, एक टाकीवर. लाल फांदी फोटोतल्यापेक्षा उंच दिसली की बुडबुडे कमी, पान फिकं दिसलं की जास्त. तरीही झाडं ऐकत नसत. मग नखं कापायच्या कात्रीने ती फोटोच्या उंचीला आणावी लागत.

आणि इथे दुसरा प्रश्न उभा राहिला, तो म्हणजे कापलेल्या फांद्यांचा. प्रेमलाबाईंनी त्या केराच्या टोपलीत टाकल्या, तर केशवरावांनी उचलून परत आणल्या. त्या फांद्या कमलिनीजींच्या होत्या. ठेवीवर जे काही येतं ते ठेवणाऱ्याचं असतं, हे त्यांना लॉकर विभागात जाण्याआधी मुदतठेवीच्या खिडकीवर शिकवलं होतं. म्हणून त्यांनी मागच्या अंगणात एक बादली भरून तीत फांद्या सोडल्या. काही दिवसांनी दुसरी बादली लागली. मग आजेसासूबाईंचं तांब्याचं घंगाळ माळ्यावरून खाली काढायची पाळी आली, तेव्हा प्रेमलाबाईंनी मध्ये पडून तांब्यात झाडं जगत नाहीत असं ठाम सांगितलं. ते त्यांना खरंच माहीत होतं की घंगाळ वाचवायचं होतं, हे केशवरावांना विचारता आलं नाही. त्यांनी सिमेंटचं एक जुनं टाकं साफ केलं. गप्पींना पिल्लं झाली, तीही फोटोत नव्हती, म्हणून चहाच्या गाळण्याने धरून अंगणात धाडली गेली. अंगणातल्या या मंडळींना ना दिवा होता, ना गॅस, ना कोणी त्यांच्यासमोर खुर्ची टाकून बसत होतं. प्रेमलाबाई जाता-येता तांब्याभर पाणी ओतत आणि गाळण्याबद्दल बोलत.

पावसाळा सरता सरता एका वादळात गल्लीतली तार तुटली आणि संध्याकाळी गेलेली वीज दुसऱ्या दिवशीही आली नाही. टाकीचा दिवा बंद होता. झाडांना दिवसभर उजेड नाही, म्हणजे त्यांचं जेवण झालं नाही, असा केशवरावांनी हिशेब केला. पोतनीसांच्या घरात सगळे उपास कडक आणि त्यानंतरची पारणी भरपेट. उपाशी जीवाला पुढच्या वेळी दुप्पट वाढायचं, यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी चावी सढळ हाताने फिरवली. बुडबुड्यांची धार लागली.

झाडं उजेडातच गॅस खातात, अंधारात तो नुसता पाण्यात साठत जातो आणि माशांच्या श्वासावर येतो, ही गोष्ट त्यांच्या हिशेबात नव्हती.

थोड्या वेळाने प्रेमलाबाई तिथून गेल्या तर सगळे मासे पाण्यावर तोंडं काढून उभे. तोंडं उघडत होते, मिटत होते. प्रेमलाबाईंच्या घरात कोणाचंही तोंड उघडं दिसलं तर त्यात काहीतरी पडतं. त्यांनी चिमूटभर दाणे टाकले. मासे तसेच. त्यांनी आणखी टाकले आणि नवऱ्याला हाक मारली, बघा, किती भूक लागली आहे बिचाऱ्यांना, आणि आपल्याला ओळखायलाही लागलेत. दोघं कौतुकाने बघत उभी राहिली. मग निळ्या शेपटीचा नर हळूच एका कुशीवर कलला.

केशवरावांनी सीपरीच्या दुकानात फोन लावला. त्या तरुणाने गॅस आधी बंद करा म्हणून सांगितलं आणि पाणी ढवळा, वरून पाणी ओतत राहा, हवा मिसळू दे. केशवरावांनी चावी बंद केली. प्रेमलाबाईंनी तांब्या आणला. टाकीतलंच पाणी तांब्यात घ्यायचं आणि उंचावरून आत धार सोडायची, त्या दमल्या की तांब्या केशवरावांनी घ्यायचा. संततधारेच्या अभिषेकाची दोघांनाही सवय होती, फक्त मंत्र नव्हते. हात भरून आले तेव्हा एकेक मासा खाली उतरायला लागला. निळ्या शेपटीचा मात्र उतरला नाही.

केशवरावांनी त्याला जास्वंदीखाली पुरलं आणि सुतक असल्यासारखे बसून राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी कमलिनीला गावी फोन केला. आवाज इतका गंभीर होता की ती घाबरली, तिला आधी वाटलं काकूंना काही झालं. सगळं ऐकल्यावर ती म्हणाली, अहो काका, मासे मरतात. तिच्याकडेही मेले होते. हा निळ्या शेपटीचा तिच्याकडचा तिसरा. आणि मग तिने विचारलं, बाकी सगळं कसं आहे. केशवराव म्हणाले, जसं होतं तसंच आहे. ती बरं म्हणाली. फोनवर मागे कोंबड्यांचा आवाज येत होता. सुभेदारांचा फोन सध्या लागत नाही, लागला की कळवीन, असं तिने उगाच सांगितलं.

फोटोत डाव्या कोपऱ्यात जिथे निळी शेपटी होती, तिथे आता रिकामं पाणी होतं. केशवराव अंगणातल्या सिमेंटच्या टाक्याशी रोज जाऊन बसू लागले. मेलेल्या नराच्या पोरांपैकी एकाच्या शेपटीत निळं उतरत होतं. ते पुरतं उतरेपर्यंत त्यांनी वाट पाहिली आणि मग त्याला वारस म्हणून आत नेमलं. कायद्यात हे बसत होतं. तरी मनात राहिलंच.

त्यानंतर त्यांनी टाकीवरची नजर काढली नाही. वीज गेली की चावी बंद. दिवसा बुडबुडे मोजके. उन्हाळ्यात कूलरचा झोत टाकीकडे, पाहुण्याला द्यावा तसा, आणि नवरा-बायको पंख्याखाली घाम पुसत. ती दोघं या काळात कुठे गेली नाहीत. ग्वाल्हेरला भाच्याचं लग्न झालं, त्यालाही प्रेमलाबाई एकट्या जाऊन आल्या. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस केशवरावांना हवं होतं ते साधलं. चावीची एक अशी जागा त्यांना सापडली की पानं लाल राहत, गवत हिरवं राहत असे, आणि तरी कात्रीला फारसं काम उरत नसे. भिंतीवरचा फोटो आणि टाकी यांत फरक काढायला आता चष्मा लागला असता. सीपरीच्या दुकानदाराने जे प्लास्टिकशिवाय होणार नाही म्हटलं होतं, ते त्यांनी जिवंत करून दाखवलं होतं.

आणि मग कमलिनीचा फोन आला. सुभेदारांना पुण्याच्या बाजूला बदली मिळाली होती, कुटुंबासकट. बबीन्यात मैत्रिणीकडे ठेवलेल्या ट्रंका न्यायला ती येणार होती. तिने विचारलं, काका, टाकी बघायला येऊ ना.

केशवरावांनी काचा आतून-बाहेरून पुसल्या. अस्तन्या सारून एक पान कापलं, जे त्यांना किंचित वर वाटत होतं.

कमलिनी आली ती उन्हातून. थोडी वाळली होती, कपाळाशी दोन-चार केस पांढरे झाले होते. प्रेमलाबाईंनी पाणी दिलं, ते तिने हातात धरलं आणि आधी टाकीकडे गेली. पहिल्यासारखंच काचेला नाक लावून उभी राहिली. केशवराव बाजूला, फोटोच्या अगदी खाली, हात मागे बांधून उभे होते. दोन्ही गोष्टी एकत्र दिसाव्यात म्हणून त्यांनी ती जागा मुद्दाम निवडली होती.

काचेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ती सरकत गेली.

"काका," मग ती म्हणाली, "यातलं काहीच वाढलं नाही?"

केशवरावांना वाटलं तिच्या नीट लक्षात आलं नाही. त्यांनी समजावून सांगितलं. यीस्टची बाटली, गोळ्या, औषध, डबा, सगळं सोडून सिलिंडर का घेतला. चावी कुठे ठेवली की काय होतं. गवत दगडाच्या पायथ्याला कसं रोखलं. सांगताना त्यांचा आवाज वाढत गेला, कारण समोरचा चेहरा तसाच राहिला होता.

कमलिनी खुर्चीत बसली. ती रागावली नव्हती. ती म्हणाली की ही टाकी तिने जायच्या जेमतेम पंधरा दिवस आधी नव्याने लावली होती. रोपटी नुसती रोवलेली होती तेव्हा. गवत सगळे दगड झाकून टाकील, मागची लाल झाडं पाण्यावर येऊन वाकतील, मासे त्यातून दिसेनासे होतील, असं तिच्या डोक्यात होतं. गावी असताना, सुभेदारांचा फोन लागत नसला म्हणजे, ती मनातल्या मनात ती टाकी वाढवत बसायची. आता गवत या दगडापर्यंत आलं असेल. आता लाल फांदीला फाटे फुटले असतील.

"मला वाटलं होतं, आल्यावर मला ती ओळखूच येणार नाही," ती म्हणाली.

केशवरावांनी फोटोकडे पाहिलं, मग टाकीकडे. दोन वर्षांत पहिल्यांदा दोन्ही तंतोतंत सारखी होती, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा ते पाहून त्यांना काही बरं वाटलं नाही. त्यांना क्षमा मागायची होती, पण कशाची मागायची ते नेमकं सांगता येईना. ठेवीत काही कमी झालं नव्हतं. मासासुद्धा भरून दिला होता.

"अगं, उठ," प्रेमलाबाई म्हणाल्या. "मागे ये जरा. यांनी तुझं व्याज बाहेर ठेवलंय, तेही बघून घे."

अंगणात बादल्या दिसत नव्हत्या. बादल्यांवरून उतू आलेली हिरवळ दिसत होती. सिमेंटच्या टाक्यातली लाल झाडं पाण्याबाहेर हातभर चढून कठड्यावरून खाली लोंबत होती आणि वरच्या टोकांना नखाएवढी गुलाबी फुलं आली होती. बारीक गवत टाक्याच्या काठावरून ओल्या विटांवर उतरून मोरीपर्यंत पोचलं होतं. कमलिनी तिथेच उकिडवी बसली आणि तिने हात कोपरापर्यंत आत घातला. बोटांभोवती गप्पींचे लोंढेच्या लोंढे फिरायला लागले.

"याला गॅस कुठला दिलात, काकू?"

"याला कसला गॅस. मी पाणी ओतायचे आणि बोलायचे."

"काय बोलायचात?"

"यांच्याबद्दल," प्रेमलाबाई म्हणाल्या. "दुसरं कोण आहे बोलायला."

कमलिनी हसली, आणि हसता हसता तिने ओल्या हातानेच डोळे पुसले. केशवराव मागे दारात उभे होते. हे सगळं त्यांच्या कात्रीतून आलेलं होतं, त्यांच्या गाळण्यातून आलेलं होतं, पण त्यांनी ते कधी बघितलं नव्हतं. त्यांनी ते फक्त सांभाळून ठेवलं होतं.

जेवणं झाल्यावर न्यायचं काय, हा विषय निघाला. केशवराव म्हणाले, टाकी, सिलिंडर आणि अंगणातलं सगळं, टेम्पो मी ठरवतो. कमलिनी म्हणाली, पुण्यात क्वार्टर मिळायला अजून अवकाश आहे, काच रेल्वेत फुटेल, टाकी इथेच राहू द्या. केशवरावांनी याला साफ नकार दिला. ठेव परत करायची असते. ती न नेता ठेवणारा निघून गेला, असं त्यांच्या घराण्यात झालेलं नव्हतं. ती आपली होईल कशी, तसा काही मार्गच नाही. दोघांचं बरंच चाललं.

प्रेमलाबाईंनी मध्येच उठून तबक आणलं. सवाशीण दूर निघाली होती, तिची ओटी भरायची होती. तांदूळ, खण, नारळ पदरात घालून झाल्यावर त्यांनी अंगणातून ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला लाल फांद्यांचा जुडगा आणला आणि तोही ओटीत घातला.

"ओटीतलं परत करत नाहीत," त्यांनी नवऱ्याला सांगितलं. मग कमलिनीकडे वळल्या. "तू आता यांना काहीतरी दे."

कमलिनीने पदर सावरला, टाकीपाशी गेली आणि काचेवर हात ठेवून म्हणाली, "काका, माझी ठेव मला मिळाली. सगळी मिळाली. आता ही मी तुम्हाला देते."

 केशवरावांनी दोन्ही हात जोडले. कमलिनीने वाकून नमस्कार केला, प्रेमलाबाईंच्या गळ्यात पडली आणि जुडगा छातीशी धरून तिवारीजींच्या मुलाने आणलेल्या ऑटोत बसली.

सिलिंडर त्यानंतर आठवड्याभरात आपोआप संपला. केशवराव सीपरी बाजारात गेले नाहीत. रामकृष्णजींचाच फोन आला, बाबूजी, भरवा दें? केशवराव म्हणाले, अभी रहने दो, सोचकर बताता हूँ. प्रेमलाबाई शेंगा सोलत होत्या. त्यांनी विचारलं की आता तर टाकी तुमची आहे, मग आता कुठला गॅस, तीखा की हल्का.

"माहीत नाही," केशवराव म्हणाले. "आधी तिला काय हवंय ते बघू दे."

ते खुर्ची घेऊन टाकीसमोर बसले. खालच्या गवताचं एक टोक पायथा सोडून दगडावर चढायला लागलं होतं. केशवरावांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा डोळ्यावर चढवला, आणि ते चढू दिलं.